किराया थकला म्हणून जिना चढायचं सोडू नका

पत्र (मे २०२१; यातले नियम, दर आणि सवलती तेव्हाच्या) :

ताई, नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे दोन खोल्यांत किरायाने राहतो, चार वर्षं झाली. मिस्टर आचारी आहेत, लग्नाकार्याची कामं घेतात. मागच्या साली कोरोनाच्या टाळेबंदीत एप्रिल-मेचा सीझन गेला. यंदा निघेल वाटलं, तर पुन्हा तेच. पंचवीस माणसांच्या लग्नाला आचारी कोण लावतो? मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-बीडिंग करते, पण लग्नसराई नाही तर शिवायला टाकतं कोण? धाकटा व्हायच्या आधी दोन वर्षं मी हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगला होते, तेही सुटलं. किराया साडेपाच हजार आहे. मार्चचे अडीच हजार राहिले, एप्रिल पूर्ण राहिला, आता मे. घर वरच्या काकूंचं. त्या वयस्कर आहेत, एकट्याच राहतात. त्या काही म्हणत नाहीत, पण त्यांचा मुलगा पुण्याहून फोन करतो, पंधरा दिवसांत पैसे द्या नाहीतर लाइट कापतो, सामान बाहेर काढतो म्हणतो. आमचा अकरा महिन्यांचा कागद जानेवारीतच संपला. रेशनकार्ड तुमसरकडचं, गावचं. मिस्टर दोन-तीन महिन्यांतून जाऊन धान्य आणायचे, आता ई-पासच्या भानगडीत तेही राहिलं. ओळखीचा एक जण शेकडा दहाने पंधरा हजार द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात, रात्रीतून सामान उचलू आणि गावी निघून जाऊ. सरकारची किरायासाठी काही मदत असते का? काकूंची नजर चुकवायला मी आता पाणी भरायलाही पहाटे उठते.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून आधी त्याचंच बोलते. उद्यापासून पहाटे उठून पाणी भरायचं बंद करा. रोजच्या वेळेला भरा, काकू दिसल्या तर थांबा, बोला. तुम्ही लाजेपोटी तोंड लपवता, पण वरून बघणाऱ्या बाईला ती लाज दिसत नाही. तिला एवढंच दिसतं की चार वर्षं हसून बोलणारी बाई आता टाळते आहे, म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे. मुलाचे फोन वाढले असतील तर त्याचंही मूळ बहुधा इथेच असावं. तुमचा किराया थकलाय तो कोरोनामुळे, टाळेबंदीमुळे. यात तुमची चूक काडीचीही नाही, आणि हे सांगायला चोरासारखं वागायची गरज नाही.

आता तुमचा प्रश्न. किरायासाठी सरकारची मदत असते का? नाही. मे २०२१ चा तिसरा आठवडा चालू आहे, निर्बंध १ जूनपर्यंत वाढलेत, आणि थकलेला किराया भरून देणारी एकही योजना आपल्या राज्यात नाही. तुम्ही कुठे ऐकलं असेल की गेल्या वर्षी किराया माफ झाला होता. तसं झालं नव्हतं. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला, की कामगारांकडून, स्थलांतरित मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नये आणि त्यांना किंवा विद्यार्थ्यांना घर रिकामं करायला लावू नये. मग १७ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकलं म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका. दोन्हीकडे माफीचा शब्द नव्हता. दिल्लीत मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवसांत पत्रकार परिषदेत सांगितलं होतं, की गरीब भाडेकरूला भाडं जमलं नाही तर सरकार भरेल. त्याची योजना काही निघाली नाही.

मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. घरकर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची सवलत दिली. व्याज लागलं, पण श्वास घ्यायला वेळ मिळाला. ज्याच्या नावावर घर आहे त्याला ही सोय होती. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला नव्हती. यंदा १३ एप्रिल २०२१ ला आपल्या मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांना, घरेलू कामगारांना, फेरीवाल्यांना, परवानाधारक रिक्षावाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते. चांगलं केलं. पण आचारी त्या यादीत नव्हता, वाढपी नव्हता, मंडप उभारणारा पोरगा नव्हता. लग्नं पंचवीस माणसांत आणि दोन तासांत आटपायचा नियम ज्यांच्या पोटावर आला, ते कोणत्याच रकान्यात बसले नाहीत. अमेरिकेत डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये मिळून ४६ अब्ज डॉलरच्या वर रक्कम केवळ थकलेल्या घरभाड्यासाठी बाजूला काढली गेली. तिथेही तो पैसा कागदपत्रांत अडकून हळूहळू सरकतो आहे, तरी निदान ‘भाडं’ हा शब्द तिथल्या सरकारच्या तोंडी आला. आपल्याकडे तो अजून यायचा आहे.

मग हातात काय उरतं? माझं म्हणणं असं : किरायाला मदत मिळत नसेल, तर ज्या खर्चापायी किरायाचे पैसे मोडतात त्या खर्चाला मदत मिळवायची. तुमच्या पत्रात अशा दोन जागा मला दिसल्या, आणि दोन्हींचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय.

पहिली, रेशन. धान्यासाठी तुमसरला जायची गरजच नाही. तुमचं कार्ड अन्नसुरक्षेतलं, म्हणजे प्राधान्य कुटुंबाचं किंवा अंत्योदयाचं असेल, तर ते राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात चालतं. मानेवाड्यातल्या दुकानात कार्डाचा बारा आकडी नंबर आणि आधार घेऊन जा, मशीनवर अंगठा लावा. दुकानदार “हे इथलं कार्ड नाही” म्हणाला तर शांतपणे “पोर्टेबिलिटीतून द्या” म्हणा. तो शब्द त्याला माहीत असतो. मे आणि जून २०२१ मध्ये केंद्राकडून माणशी पाच किलो धान्य फुकट आहे. त्याशिवाय राज्याने एका महिन्यासाठी माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मोफत दिलेत. कार्डावर चौघांची नावं असतील तर त्या एका महिन्यात चाळीस किलो होतात. चाळीस किलो धान्य किराणा दुकानातून आणायला काय लागतं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तेवढे पैसे किरायाकडे वळतात. राज्याची शिवभोजन थाळीही सध्या, मे २०२१ मध्ये, मोफत आहे. ज्या दिवशी घरात काहीच नसेल त्या दिवशी तिथे जायला संकोच करू नका.

दुसरी जागा जास्त मोठी आहे. हिंगण्याच्या कंपनीत दोन वर्षं होतात, तर पगारातून पीएफ कापला जात होता का? जुनी पगाराची चिठ्ठी सापडते का बघा. तिच्यावर यूएएन नावाचा बारा आकडी नंबर असतो. २०२१ च्या नियमाने नोकरी सुटून दोन महिने उलटले की पीएफची सगळी रक्कम काढता येते, आणि तुमची तर कधीच सुटली. मूळ पगार सात हजार धरला, तर तुमचा बारा टक्के आणि कंपनीच्या वाट्यातला पीएफमध्ये जाणारा भाग मिळून दोन वर्षांत पंचवीस हजारांच्या वर जमतात, व्याज वेगळं. नोकरी सहा महिन्यांहून जास्त आणि दहा वर्षांहून कमी असल्याने पेन्शनच्या खात्यात गेलेला वाटाही मागता येतो. पीएफचा फॉर्म १९ आणि पेन्शनच्या वाट्याचा १०सी, दोन्ही ऑनलाइन भरता येतात. त्यासाठी आधार आणि बँक खातं त्या नंबराला जोडलेलं असावं लागतं, आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली असावी लागते. अडतं ते बहुतेक नावात. आधारवर सासरचं आडनाव आणि कंपनीत माहेरचं, असं पुष्कळ बायकांचं होतं. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करा, म्हणजे अर्ज परत येणार नाही. हे पैसे तुमच्या घामाचे आहेत आणि इतकी वर्षं तसेच पडून आहेत.

ते हाती आले तरी सगळे एकदम वर नेऊन देऊ नका. थकलेल्यातलं निम्मं फेडा, उरलेलं पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या किरायासाठी ठेवा. पुढचा किराया वेळेवर गेला की जुन्या थकबाकीकडे कोणीही जरा सबुरीने बघतं.

शेकडा दहावाल्याला नाही म्हणून सांगा. पंधरा हजारांवर महिन्याला दीड हजार व्याज. दहा महिने व्याज भरत राहाल आणि अकराव्या महिन्यात मुद्दल तसंच्या तसं समोर उभं राहील. एका किरायाच्या जागी दोन किराये होतील, एक घराचा आणि एक त्याच्या पैशाचा. शिवाय परवाना नसताना सावकारी करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. असा माणूस वसुलीला दारात येतो तेव्हा काकूंच्या मुलापेक्षा कितीतरी वाईट बोलतो. अगदीच अंगाशी आलं, तर बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत थोडं सोनं ठेवून कर्ज घ्या. तिथे व्याजाची बोली वर्षावर असते, महिन्यावर नाही. पण ते शेवटी, पीएफचं कळल्यावर.

मिस्टरांना सांगा, रात्रीतून निघायचं नाही. गावी खुशाल जा, पण दिवसा, काकूंना सांगून, हिशेब लिहून जा. न सांगता गेलात तर डिपॉझिट गेलं, चार वर्षांचा शब्द गेला, आणि उद्या लग्नं पुन्हा सुरू होतील तेव्हा नागपुरात नवं घर मागायला त्याच वस्तीत फिरावं लागेल. आचाऱ्याचं काम ओळखीवर चालतं, हे त्यांना सांगायला नको.

आता काकूंच्या मुलाची, पुण्याच्या दादांची धमकी. घाबरू नका, आणि भांडूही नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची वीज, पाणी, संडासाची सोय तोडता येत नाही. कलम १५ प्रमाणे थकलेल्या भाड्यापायी घर खाली करून मागायचं असेल, तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर नव्वद दिवस थांबावं लागतं, आणि मगच दावा लावता येतो. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत तुम्ही थकबाकी, तिच्यावर वर्षाला पंधरा टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरलात, आणि पुढचं भाडं भरत राहिलात, तर त्या कारणावरून घर सोडायचा हुकूम होत नाही. नागपुरात हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. फोनवर दिलेले पंधरा दिवस यात कुठेच बसत नाहीत.

पण अर्धी बाजू सांगून मी थांबणार नाही. तुमच्या अकरा महिन्यांच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. ‘लिव्ह अँड लायसन्स’ (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) असं असेल तर तुमची बाजू थोडी कमजोर आहे. तसा करार संपल्यावर मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते. तरीही ते त्या अधिकाऱ्यासमोरच व्हायला हवं, कुलूप तोडून किंवा सामान फेकून नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. ती पार पाडली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. तुमचा नोंदवलेला होता की नुसता शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, हे बघून ठेवा.

दादांशी फोनवर बोलणं कमी करा. “दादा, लिहून पाठवा, मीही लिहून उत्तर देते” एवढं म्हणा आणि ते मेसेज जपा. खरोखरच लाइट कापली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईमाणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. सध्या बाहेर पडणं कठीण आहे, म्हणून आधी १५१०० वर फोन करा.

एवढा कायदा सांगितला तरी माझी इच्छा हीच आहे, की तो तुम्हाला वापरावा लागू नये. काकू मला वाईट वाटत नाहीत. तुमच्याच पत्रात आहे, त्या काही म्हणत नाहीत. एकट्या म्हातारीला घरपट्टी आहे, पाण्याचं बिल आहे, औषधं आहेत, आणि तुमचे साडेपाच हजार कदाचित तिचं महिन्याचं सगळं उत्पन्न असेल. तिला जाऊन विचारा, “काकू, महिन्याला तुमचं कमीत कमी किती आल्याशिवाय भागत नाही?” हा प्रश्न तिला कोणी विचारला नसेल. जो आकडा ती सांगेल तो आधी जुळवायचा, बाकीचं मागून.

मिस्टरांच्या हाताला चव आहे. काकूंना रोज एक डबा पोचवता येईल का, बघा. साठ रुपये धरले तर महिन्याला अठराशे होतात, ते किरायातून वळते करायचे. म्हाताऱ्या माणसाला एकट्यापुरतं रांधायचा किती कंटाळा येतो, हे तुम्ही रोज वरच्या चुलीच्या आवाजावरून ओळखत असाल. हात बसला की घरीच विलगीकरणात असलेल्या माणसांनाही डबे देता येतील, मानेवाड्यातच पुष्कळ घरं तशी आहेत. घरपोच द्यायला मनाई नाही. छोट्या धंद्याला खाद्यपदार्थ विकायला लागणारी अन्नसुरक्षेची नोंदणी २०२१ च्या दराने वर्षाला शंभर रुपयांत होते. फक्त खोलीत मोठा गॅस लावण्याआधी काकूंना विचारा.

माझ्या लहानपणी आम्ही महालात एका वाड्यात किरायाने राहायचो. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि सात महिने घरात पगार आला नाही. आई दर रविवारी सकाळी डोईवर पदर घेऊन मालकांकडे जायची. कधी वीस रुपये, कधी पंधरा. तिच्याकडे लाल पुठ्ठ्याची लांबट वही होती. आकडा ती स्वतः लिहायची, मालक शाईची पेन्सिल जिभेला लावून त्यापुढे सही करायचे, आणि त्यांच्या खालच्या ओठावर जांभळा ठिपका राहायचा. एका रविवारी घरात खरोखर काही नव्हतं. मला वाटलं आज आई जाणार नाही. ती गेली. वहीत तिने ‘आज काही नाही’ असं लिहिलं आणि त्याच्यापुढेही मालकांची सही घेऊन आली. थकलेलं फिटायला दोन वर्षं लागली, पण त्या काळात आमच्या दाराशी कोणी आवाज चढवला नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

तुम्हीही एक वही करा. पैसे रोख दिलेत तरी पावती घ्या, ती मागायचा हक्क कायद्यातच आहे. मोबाइलवरून पाठवलेत तर ‘मार्चचा उरलेला किराया’ असं खाली लिहा. डिपॉझिटमधून एक महिना कापून घ्या असंही म्हणता येईल, पण ते काकूंनी हो म्हटलं तरच, आणि तेही वहीत. या रविवारी मिस्टरांना सोबत घेऊन जिना चढा, मास्क लावून, दारातूनच बोला. बोलणं सुचलं नाही तर खालची चिठ्ठी हाताने दोनदा उतरवून न्या, एक त्यांच्याजवळ राहील, एक तुमच्याजवळ. डब्याचं काकूंनी नको म्हटलं तर ती ओळ खोडा.

‘काकूंना नमस्कार. मार्च २०२१ चे २,५०० रुपये, एप्रिलचे ५,५०० आणि मेचे ५,५००, असे एकूण १३,५०० रुपये आमच्याकडे बाकी आहेत, हे आम्हाला मान्य आहे. टाळेबंदीमुळे काम बंद आहे. आज आम्ही ……… रुपये देत आहोत. पुढे दर रविवारी जमेल तेवढे आणून देऊ आणि वहीत लिहू. रोजच्या डब्याचे ६० रुपये किरायातून वळते करावेत, असं आपसांत ठरलं आहे. जूनपासूनचा किराया १० तारखेच्या आत देण्याचा प्रयत्न करू. उरलेली बाकी काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत फेडू. तोवर वीज-पाणी चालू राहील आणि घर सोडायला सांगितलं जाणार नाही, असं काकूंनी मान्य केलं आहे. तारीख ……… सही, घरमालकीण ……… सही, किरायदार, दोघांची ………’